दहावीतली पॉइंट गार्ड: खेळ कॉलेजपर्यंत नेण्यासारखा आहे का, हे बापाने ओळखायचं कसं?

माणिकबागेतला_बाबा

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

विषय लेकीचा. दहावी, स्टेट बोर्ड, वय १५, उंची ५ फूट साडेतीन इंच ('साडे' तिनेच लिहायला लावलंय). पाचवीच्या सुट्टीत बास्केटबॉलच्या उन्हाळी शिबिरात घातली होती, हेतू एवढाच की दोन महिने घरात दंगा नको, पण शिबिर संपलं तरी ही काही तिथून निघायला तयार नाही, ती आजतागायत. आता शाळेच्या टीमची पॉइंट गार्ड आहे, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारी. मागच्या वर्षी १७ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत त्यांनी जिल्हा जिंकला, विभागाला गेल्या आणि तिथे पहिल्याच मॅचला घरी. जिल्ह्याच्या फायनलला हिचे एकटीचे २२ पॉइंट होते.

मी क्रिकेटवाला. बास्केटबॉलमधलं मला इतकंच कळतं की बॉल रिंगमधून गेला की टाळ्या वाजवायच्या. त्यामुळे सर जेव्हा म्हणतात की "हिला सोडू नका, हिच्यात आहे काहीतरी", तेव्हा ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय ते मला समजत नाही आणि सरांना तोंडावर विचारलं तर ते हसतात.

आता अडचणी. एक, शाळेने सांगून ठेवलंय की दिवाळीनंतर दहावीच्या मुली प्रॅक्टिसला दिसता कामा नयेत. दोन, बायकोचं म्हणणं आधी बोर्ड मग बास्केट, आणि ते चूक आहे असं मी तरी म्हणू शकत नाही. तीन, अमेरिकेतला मेहुणा रोज लिंका पाठवतोय, तिकडे कॉलेजं स्कॉलरशिप देतात म्हणे, आणि इथलीच एक कन्सल्टन्सी दीड लाखात 'रिक्रूटिंग प्रोफाइल' बनवून द्यायला तयार आहे. चार, आमची आई. वय ७४, शाळेत असताना खोखो खेळायची, रोज संध्याकाळी सोसायटीच्या कोर्टवर खुर्ची टाकून बसते आणि नातीला "अगं पळ की" म्हणून ओरडते. तिचा पाठिंबा सगळ्यात मोठा पण निर्णयात तिचं मत कोणी धरत नाही.

तर प्रश्न असा की १५व्या वर्षी गार्डमध्ये नेमकं बघायचं काय? आणि कॉलेज म्हणजे पुण्यातलं बघायचं, दिल्लीचं की थेट अमेरिका?

कट्ट्यावरचा_नाना

दहावी आहे ना? मग झालं की. मार्च संपेपर्यंत बॉल माळ्यावर. आपल्याकडे बास्केटबॉल खेळून कोणाचं भलं झालंय ते एक नाव सांगा.

शिट्टीवाला

नाना, नाव शेवटी सांगतो, तोवर चहा घेऊन या.

माणिकबागवाले, मी गेली वीसेक वर्षं जिल्ह्यात अंपायरिंग करतोय, टेबलवरही बसतो, तुमच्या मुलीच्या वयाच्या किती गार्ड समोरून गेल्या त्याची मोजदाद नाही. तुमच्या पोस्टमध्ये २२ पॉइंट वाचलं आणि मनात म्हटलं, हा चुकीच्या ठिकाणी बघतोय. रागावू नका. शालेय मुलींच्या मॅचमध्ये थोडा वेग आणि बरा उजवा हात असला की २२ पॉइंट होतात. समोरच्या टीममधल्या तीन मुली आदल्या महिन्यात पीटीच्या सरांनी उभ्या केलेल्या असतात. बॉल हिसकवायचा, एकटीने पळत जायचं, लेअप, म्हणजे रिंगपाशी जाऊन अलगद टाकलेला बॉल. असे आठ-नऊ झाले की लोक म्हणतात स्टार आहे. पुढे विभागाला समोर नीट उभी राहणारी टीम आली की ते आठ लेअप गायब होतात आणि मग मागे काय उरतं ते दिसतं. तुमची टीम विभागाला पहिल्याच मॅचला का हरली याचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

गार्डचं काम बॉल सुखरूप पलीकडे नेणं आणि पाचही जणींना खेळवणं. बॅककोर्टमधून, म्हणजे आपल्या अर्ध्या मैदानातून, पुढे यायला ८ सेकंद आणि शॉटसाठी २४ सेकंद. त्यातही आपल्या बऱ्याच शालेय मॅचला शॉट क्लॉक लावलेलंच नसतं, त्यामुळे मुलींना घड्याळ डोक्यात ठेवून खेळायची सवयच लागत नाही, आणि एकदम स्टेटला गेल्या की शेवटच्या पाच सेकंदात बॉल हातात धरून बाकाकडे बघत राहतात. मी हे दर वर्षी बघतो.

आता एक काम करा. पुढच्या मॅचला वही घेऊन जा. आमच्या स्कोअरशीटवर पॉइंट, फाउल आणि टाइमआउट एवढंच असतं, टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच बॉल समोरच्यांना जाणं, तिथे कोणी लिहीत नाही, ते तुम्हालाच लिहावं लागणार. तिच्या हातून बॉल किती वेळा गेला ते लिहा, आणि प्रत्येक वेळी कसा गेला ते पण लिहा. ड्रिबल करताना (बॉल आपटत नेताना) काढून घेतला, की पास तोडला, की ट्रॅव्हल झालं (बॉल न आपटताच जास्त पावलं टाकली), की दोघींनी कोपऱ्यात गाठलं. त्याच्या समोर, तिच्या पासवर दुसऱ्या मुलीने लगेच बास्केट केलं तर तिथे एक रेघ. नुसत्या या दोन रकान्यांवरून मी तुम्हाला जे सांगू शकेन ते २२ पॉइंटवरून कधीच सांगता येणार नाही.

शिवाय डावा हात बघा. समोरची जरा शहाणी असेल तर दुसऱ्या मिनिटाला ओळखते की ही उजवीकडेच जाते, मग ती उजवी बाजू बंद करून उभी राहते. त्यावेळी तुमची मुलगी डाव्या हाताने तीन ड्रिबल मान वर ठेवून मारू शकते का? मान वर हे महत्त्वाचं. बॉलकडे बघत ड्रिबल करणारीला रिंगखाली मोकळी उभी असलेली मैत्रीण दिसतच नाही.

अजून एक, हे बाप लोक कधी बघत नाहीत कारण तेव्हा ते मोबाइलमध्ये असतात. ती बेंचवर असताना काय करते? आणि तिचा बॉल गेला की पुढचे तीन सेकंद काय करते? काही मुली जागेवर थांबून हात वर करून माझ्याकडे बघतात की सर फाउल होता. काही मागे वळून आधी पळतात आणि भांडण नंतर करतात. दुसऱ्या प्रकारच्या मुली पुढे जातात, निदान माझ्या बघण्यात तरी.

आणि सोसायटीतल्या कोर्टवर प्रॅक्टिस करत असेल तर कृपया एकदा टेप लावून रिंगची उंची मोजा. जमिनीपासून ३.०५ मीटर पाहिजे. बॉल कितीचा वापरते तेही बघा.

नानांना नाव: अनिता पॉलदुराई. चेन्नईची, गार्ड, भारताची कॅप्टन होती, सदर्न रेल्वेत नोकरी, २०२१ साली पद्मश्री. चहा झाला का?

कट्ट्यावरचा_नाना

एक नाव. १४० कोटींत.

शिट्टीवाला

एकच मागितलं होतंत.

माणिकबागेतला_बाबा

शिट्टीवाले साहेब, मनापासून आभार, रात्रीच टेप घेऊन खाली गेलो, वॉचमनला वाटलं नवीन काहीतरी बांधकाम निघालंय. रिंग २ मीटर ८६ भरली. बॉल सातचा आहे, बिल्डिंगमधल्या मुलांनी वर्गणी काढून घेतलेला. म्हणजे रिंग बुटकी आणि बॉल मोठा. याने किती फरक पडतो?

आणि हो, तिचा शॉट दोन्ही हातांनी छातीपासून ढकलल्यासारखा आहे. सर म्हणतात चालेल, यूट्यूब म्हणतं चालणार नाही.

गुडघेदुखी_फॉरएव्हर

यावर मी बोलते कारण दोन्ही बाजूंनी अनुभव आहे. मी पुणे विद्यापीठाकडून वेस्ट झोन, म्हणजे पश्चिम विभागातल्या विद्यापीठांची स्पर्धा, खेळले आणि आता फिजिओथेरपिस्ट आहे, सध्या पेशंटपेक्षा पेशंटच्या आयांशी जास्त बोलते.

मुलींचा बॉल सहाचा असतो, घेर साधारण साडेअठ्ठावीस इंच, सातचा साडेएकोणतीस आणि वजनालाही जड. एक इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण लहान तळव्याला आणि १५ वर्षांच्या मनगटाला तो इंच कळतो. मोठा जड बॉल रिंगपर्यंत पोचत नाही म्हणून मुलगी दुसरा हात लावते, कंबरेतून झोका घेते, बॉल छातीपाशी आणते आणि तिथून ढकलते, वर्षभर असं केलं की तोच तिचा शॉट होऊन बसतो. त्यात रिंग १९ सेंटिमीटर खाली, म्हणजे बॉलला कमान द्यायची गरजच नाही, सपाट मारला तरी जातो, आणि मॅचला तोच सपाट बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येतो आणि पोरगी म्हणते आज लकच नव्हतं.

दोन हातांचा शॉट म्हणजे पाप नाही, जपानच्या मुली कितीतरी वर्षं तसा मारत आल्यात आणि टोकियो ऑलिम्पिकला त्यांनी सिल्व्हर मेडल नेलं. मुद्दा हाताचा नाही हो, शॉट सुटायला किती वेळ लागतो आणि कुठून सुटतो हा आहे. छातीपासून सुटणारा बॉल उंच मुलगी आरामात अडवते, आणि पाच-तीनच्या मुलीसमोर सगळ्याच उंच. सहाचा बॉल आणा, रिंगच्या एकदम जवळून, चार पावलांवरून, कपाळाच्या वरून एका हाताने रोज शंभर. थ्री पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून मारायचा तीन पॉइंटचा शॉट, सहा महिने विसरा. तसंही आपल्या काही जुन्या कोर्टवर अजून ६.२५ मीटरचीच रेघ आहे, २०१० पासून ती ६.७५ झाली तरी रंग मारायला कोणाला वेळ मिळालेला नाही, तिथे रिंगसमोरचा जुना समलंबासारखा डी पण दिसेल. तिथून थ्री घालणारी मुलगी बालेवाडीला आली की बुचकळ्यात पडते.

आता खरं जे लिहायचं होतं ते. गुडघा. उड्या मारून वळायच्या खेळात एसीएल (गुडघ्याच्या आतला एक मुख्य अस्थिबंध) तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये कित्येक पटीने जास्त असतं, आणि वाढतं ते नेमकं याच वयात, उंची वाढून झालेली असते पण मांडीच्या मागचे आणि कुल्ल्याचे स्नायू मागे राहिलेले असतात. माझा गेला तो एकोणिसाव्या वर्षी, विद्यापीठाच्या कॅम्पमध्ये, कोणी धक्का दिला नव्हता, एकटीच वळले आणि आत काहीतरी 'टक' झालं. तुम्ही मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एकच गोष्ट बघा: रिबाउंडला (रिंगवरून परत आलेला बॉल पकडायला) उडी मारून ती खाली येते तेव्हा गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात की आत एकमेकांकडे झुकतात. आत झुकत असतील तर कॉलेज, स्कॉलरशिप, अमेरिका सगळं नंतर, आधी ते. आठवड्यातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं, उडी मारून हळू उतरायचं, एका पायावर उतरायचं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, पोटाचे व्यायाम. कंटाळवाणं आहे पण नेमाने केलं तर या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात हे अभ्यासातून वारंवार दिसलंय. सिमेंटच्या कोर्टवर तर हवंच.

हिमोग्लोबिन पण तपासून घ्या. "ही आळशी झालीय, चौथ्या क्वार्टरला पळत नाही" असं म्हणून आणलेल्या मुलींपैकी कितीतरी जणींना मी आधी रक्त तपासायला पाठवते, आणि गाडी तिथेच अडलेली असते.

दिवाळीनंतर बंद करायचं की नाही यावर माझं मत: टीमची प्रॅक्टिस बंद झाली तर होऊ दे, चार महिन्यांनी खेळ विसरत नाही. पण हे वीस मिनिटांचे व्यायाम आणि तुमच्या खालच्या कोर्टवर अर्धा तास डावा हात, एवढं चालू ठेवा. दहावीत अर्धा तास निघतो, मोबाइलला निघतोच ना. आमच्या आईने माझा दहावीत पूर्ण खेळ बंद केला, मार्क पडायचे तेवढेच पडले आणि वजन मात्र सहा किलो वाढलं, एप्रिलमध्ये परत कोर्टवर गेले तर माझीच मला लाज वाटली.

शिट्टीवाला

ताईंना +१. जपानचा मुद्दा एकदम बरोबर, त्या टीममधल्या उंच मुली मोजायला एका हाताची बोटं पुरली असती आणि फायनल अमेरिकेशी खेळल्या.

एडिसनची_मावशी

मी न्यू जर्सीत असते, मूळची सदाशिव पेठेतली. आमची धाकटी डिव्हिजन थ्री कॉलेजात गार्ड आहे, तेव्हा या सगळ्यातून पोळून निघालेली आहे. मेहुण्यांच्या लिंकांपेक्षा हे वाचा.

इकडे एनसीएएचे, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेचे, तीन डिव्हिजन. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत, डिव्हिजन टूमध्येही खेळाची स्कॉलरशिप मिळते, पण डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत, तिथे अभ्यासावर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. आमच्या मुलीला जे काही मिळालं ते मार्कांवर. म्हणजे तुमच्या मिसेसचं बोर्डाचं म्हणणं आणि मेहुण्यांचं अमेरिकेचं म्हणणं यात भांडण नाहीचे. डिव्हिजन वनसाठी ठरलेले १६ विषय पूर्ण करावे लागतात आणि त्यात किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) लागतो, आणि हिशोब नववीपासून सुरू होतो, बारावीपासून नाही! नववी दहावीच्या मार्कशीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट ठेवा. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली, पण एखादी युनिव्हर्सिटी आपल्या ॲडमिशनसाठी मागू शकते.

कन्सल्टन्सीला दीड लाख देऊ नका. एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर आहे, तिथे फुकट प्रोफाइलने सुरुवात होते, पैसे पुढच्या टप्प्यावर लागतात. कोचना ईमेल मुलीने स्वतः लिहायचा असतो, बापाने नाही, कन्सल्टंटने तर नाहीच, त्यांना ते वाचताच कळतं. आणि गाणं लावून कापलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ एकटा पाठवून भागत नाही, गार्डची पूर्ण मॅच न कापता मागतात, कारण शिट्टीवाल्यांनी सांगितलं तेच बघायचं असतं, बॉल गेल्यावर काय करते. व्हिडिओ वरच्या पायरीवरून काढा, दहाही जणी दिसल्या पाहिजेत. तुमच्याकडचे बरेच व्हिडिओ साइडलाइनवरून असतात आणि अर्ध्या वेळ कोणाची तरी पाठ दिसते.

आता कडू भाग. इकडच्या मुली शाळेची टीम संपली की उन्हाळाभर क्लबच्या स्पर्धा खेळतात, कोच तिथेच येऊन बघतात, एका हॉलमध्ये सहा सहा कोर्ट. पाच-तीन, पाच-चारच्या गार्ड इथे आहेत, नाहीत असं नाही, पण त्या भयंकर वेगवान असतात आणि त्यांचा शॉट डोळे मिटून जाईल इतका पक्का असतो. भारतातून मुली आल्यात, बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाला खेळली, पंजाबची हरसिमरन कौर सॅन दिएगोला, पण दोघींनाही उंची होती आणि दोघींची वाट एनबीए (इकडची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अकादमीच्या कार्यक्रमांतून गेली. सतनाम सिंगचं उदाहरण तर कोणी देऊच नका, २०१५ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात त्यात) ५२ नंबरवर निवडला गेला हे खरं पण तो सात फुटांच्या वर होता, उंची शिकवता येत नाही.

अजून एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. तुमच्याकडे लोकल थ्री-ऑन-थ्री (तिघी विरुद्ध तिघी) स्पर्धांत रोख बक्षीस असतं ना, ते हौशी खेळाडूच्या नियमात अडकू शकतं. अमेरिकेचा विचार मनात असेल तर कुठलंही पाकीट घ्यायच्या आधी नियम वाचा आणि खर्चाच्या पावत्या ठेवा. हजार दोन हजारासाठी नंतर उत्तरं देत बसावी लागतील.

कट्ट्यावरचा_नाना

मावशी, थोडक्यात काय, जमणार नाही.

एडिसनची_मावशी

थोडक्यात, अठराव्या वर्षी ठरतं, पंधराव्या नाही. आणि थोडक्यात बोलायचं असतं तर मी पेठेतली असून एवढं टाइप केलं असतं का?

गुडघेदुखी_फॉरएव्हर

😂 नाना आज उपाशी झोपणार.

पुण्याच्या कॉलेजचं कोणीच बोललं नाही म्हणून परत आले. अकरावीला खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, त्यासाठी सर्टिफिकेट कुठल्या पातळीचं आणि कुठल्या संघटनेचं हे बघतात, खाजगी स्पर्धेच्या रंगीत सर्टिफिकेटांचा गठ्ठा तिथे कामाचा नाही. बोर्डाचे क्रीडागुणही शाळेकडून प्रस्ताव जाऊन जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत मिळतात, शाळेतल्या क्लार्कच्या मागे तुम्हालाच लागावं लागेल, नाहीतर तारीख निघून जाते. माझ्या बॅचच्या एका मुलीचा कागद शाळेच्या कपाटातच राहिला होता.

कॉलेज निवडताना नाव बघू नका, म्हणजे बघा पण आधी हे बघा की मुलींची टीम दर वर्षी खरंच उभी राहते का, की जिमखान्याच्या सरांना स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात हॉस्टेलमधून मुली गोळा कराव्या लागतात. कोच रोज येतो का. त्यांची आत्ताची गार्ड कितवीत आहे, कारण ती अजून दोन वर्षं तिथेच असेल तर तुमची मुलगी दोन वर्षं पाण्याच्या बाटल्या भरणार. हे कोणी माहितीपुस्तकात छापत नाही, संध्याकाळी साडेपाचला कोर्टवर जाऊन उभं राहायचं, कळतं.

ज्युनिअर कॉलेजला ती १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धाच खेळेल. सीनियरला गेली की कॉलेज, मग झोन, मग पुणे शहर विरुद्ध पुणे जिल्हा, नगर, नाशिक असं आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाची टीम, मग वेस्ट झोन, आणि राज्यातल्या विद्यापीठांचं अश्वमेध. मी अश्वमेधला जेवढी शिकले तेवढी कुठेच नाही, एका दिवसात दोन मॅच आणि रात्री मॅटवर झोपायचं, सकाळी गरम पाणी पहिल्या दहा जणींना. आणि नाना, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आहे, इन्कम टॅक्स आहे. सर्टिफिकेटची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, सगळ्या स्पर्धा त्यात बसत नाहीत, पण रस्ता आहे. आपल्या पुण्याचीच शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, ती काही अमेरिकेत वाढलेली नव्हती.

दिल्लीचं विचारलंत, तिकडे खेळाच्या कोट्याला ट्रायल आणि सर्टिफिकेट दोन्ही बघतात आणि देशभरातून मुली येतात. बारावीला विचार करा, आत्ता नको.

माणिकबागेतला_बाबा

सगळ्यांचे आभार, आठवडाभर गायब होतो कारण सामना होता आणि त्याआधी सहाचा बॉल शोधत फिरत होतो. दुकानदार म्हणतो मुलीसुद्धा सातच नेतात. शेवटी तिसऱ्या दुकानात एक मिळाला, हवा निम्मी. सोसायटीच्या सेक्रेटरींना रिंग वर करायचा अर्ज दिलाय, ते म्हणाले सर्वसाधारण सभेत ठेवू. म्हणजे तोवर ही पदवीधर होईल. कन्सल्टन्सीवाल्यांना नाही म्हणून कळवलं, त्यांनी लगेच नव्वद हजारांवर आणलं.

रविवारच्या मॅचला वही घेऊन गेलो. मित्रमंडळाची स्पर्धा होती, डेक्कनजवळ, समोर जरा मोठ्या मुलींची टीम. मावशींनी व्हिडिओसाठी सांगितलं तसा वरच्या पायरीवर बसलो आणि पहिल्यांदाच मॅच 'दिसली' मला, एरवी मी फक्त लेक बघायचो. लिहितो तसंच टाकतो: पॉइंट ९. टर्नओव्हर ८. त्यातले ५ डावीकडे ढकलल्यावर, २ कोपऱ्यात दोघींनी गाठल्यावर, १ ट्रॅव्हल. तिच्या पासवर झालेली बास्केट ६. बॉल गेल्यावर मागे पळाली: आठपैकी ७ वेळा. एकदा अंपायरकडे बघत उभी राहिली, आणि नेमकी तेव्हाच समोरचीने लेअप घातला. मॅच चार पॉइंटने हरलो.

२२ पॉइंटच्या मॅचपेक्षा ही जास्त आवडली असं मी म्हटलं तर बायको म्हणाली, उन्हाचं बसलात वाटतं.

गुडघ्यांचा व्हिडिओ काढलाय. डावा थोडा आत जातोय असं मला वाटतंय पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. ताई, तुमच्या ओळखीचं कोणी सिंहगड रोडच्या बाजूला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तोवर जिन्याच्या खालच्या पायरीवरून उडी मारून हळू उतरणं चालू आहे, आई समोर खुर्ची टाकून मोजते आणि एक चुकला तर पहिल्यापासून करायला लावते.

घरी तह असा झालाय की दिवाळीनंतर टीम बंद, खालचा अर्धा तास चालू, आणि सहामाहीत गणिताला ७० च्या खाली आले तर तो अर्धा तासही गणितात जमा.

वही रात्री लेकीला दाखवली. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "बाबा, ५ नाही ४. तिसरा मी दिलेला पास होता, सानिकाने सोडला. तो तिच्या नावावर घाल."

शिट्टीवाला

व्हिडिओ आहे ना? तिसरा टाका इथे. आपण बघून ठरवू कोणाचा ते.